बाजारात विचारलेला प्रश्न

माझं गाव वर्धा जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं, तळेगावच्या अलीकडे. वडील मराठी शाळेत मास्तर होते, म्हणून आमच्या घरी उत्तर देण्याआधी प्रश्न दोनदा वाचायची शिस्त होती. आईच्या माहेरी मात्र गुरंढोरं. तिच्या लहानपणी तिथं बुळकांडी आली. बुळकांडी म्हणजे आधी ताप, मग डोळ्यांतून पाणी, मग तोंडात फोड, मग पातळ हगवण, अन् आठवड्याभरात गोठा रिकामा. आई सांगे, तिचे वडील पुढं कितीतरी दिवस सांजच्याले गोठ्यात जात, रिकामी दावी झटकत अन् परत खुंट्याले अडकवत. बा, काऊन झटकता, असं तिनं विचारलं तर म्हणत, हाताले सवय आहे.

काय सांगू तुम्हाले, ती दावी माझ्या डोक्यातून कधी गेलीच नाई, म्हणूनच मी नव्वदच्या दशकात जनावराइच्या दवाखान्यात पर्यवेक्षक झालो असेन. पहिले काही दिवस आम्ही बुळकांडीची लस टोचली. मग हुकूम आला, लस बंद, आता रोग शोधा. लोक हसले, औषध बंद करता अन् रोग शोधत फिरता, हे कोणतं शिक्षण म्हणत. मी त्याइले समजावून सांगत असे, कारण समजावून सांगणं आमच्या रक्तात. लस टोचलेल्या जनावराच्या रक्तात अन् रोग होऊन गेलेल्या जनावराच्या रक्तात फरक दिसत नाई. म्हणून आधी लस थांबवायची, मग गोठा न् गोठा पाहायचा, अन् मगच म्हणायचं की रोग गेला. प्रत्येक घरी तीन प्रश्न. डोळ्यांतून पाणी? तोंडात फोड? पातळ हगवण? उत्तर तक्त्यात लिहायचं, त्याखाली माझी सही. लोक मले मास्तरच म्हणू लागले.

एका उन्हाळ्यात, पेरणी तोंडावर आलेली, तक्त्यात एकच गोठा राह्यला होता, टेकडीवरच्या गुणवंत गवळ्याचा. तिथं एसटी जात नाई, सायकल चढत नाई, अन् तक्ता सोमवारी द्यायचा. आष्टीच्या बाजारात गुणवंत दिसला, गवळाऊ जातीचा एक बैल विकायले धरून उभा होता, भोवती चार गिऱ्हाइकं. मी तिथंच तिन्ही प्रश्न विचारले. नाई जी मास्तर, सारे ठणठणीत आहेत, असं तो म्हणाला. मी सायकलच्या सीटवर तक्ता ठेवला अन् तीनदा नाही लिहिलं.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको दवाखान्यात आली. वासरू दूध ओढत नाई, लाळ गाळते म्हणे. केव्हापासून, मी विचारलं. बाजाराच्या दोन रोज आधीपासून. डॉक्टर साहेबाइच्या मोटरसायकलवर आम्ही गेलो. वासराच्या तोंडात फोड, मागं हगवण. गुणवंत माझ्याकडे पाहीना. खोटं काऊन बोललास, मी म्हटलं. तो शांतपणे बोलला,

"मास्तर, गोठ्यात विचारलं असतं तर गोठ्यातलं सांगितलं असतं. बाजारात माह्या हातात बैल होता."

तो बैल बाजारातूनच तळेगावकडच्या नामदेव नावाच्या शेतकऱ्यानं विकत नेला होता. मी तसाच तिकडे गेलो. बैल त्याच्या घरच्या जोडीशेजारीच बांधलेला, अन् लाळ सुरू झालेली. नामदेवनं विचारलं, बुळकांडी आहे काय? मले हो म्हणता येईना, नाई म्हणता येईना. आम्ही रक्त अन् डोळ्यांतलं पाणी घेतलं, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवलं, दोन्ही गोठे बंद केले, जनावराइले बाहेर सोडायचं नाई असं बजावलं. मग उत्तराची वाट. रोज मी दोन्हीकडे जाऊन दारातून पाहत असे अन् मनात रिकामी दावी मोजत असे. साहेबाइले मी सांगून टाकलं की उत्तर गोठ्यातलं नाई, बाजारातलं आहे. ते म्हणाले, राहू दे, निकाल तर येऊ दे. मले राहवलं नाई. साहेबाइच्या टेबलावरच्या तक्त्यातली ती ओळ मी खोडली, वर 'जनावरे पाहिली नाहीत' असं लिहिलं अन् सही केली.

निकाल आला, बुळकांडी नाई, खुरकूत, तोंडात अन् खुरात फोड आणणारा रोग. सगळ्याइनं सुटकेचा श्वास घेतला. पण वासरू गेलं होतं, अन् नामदेवचे तिन्ही बैल लंगडले. त्याची पेरणी दुसऱ्याच्या बैलाइवर झाली, तीही उशिरा. तो मले एक वाकडा शब्द बोलला नाई, बोलला असता तर बरं झालं असतं.

पुढं देशातून बुळकांडी गेल्याचं जाहीर झालं. दवाखान्यात पेढे वाटले, मीही खाल्ला, अन् खाताना ती खोडलेली ओळ दिसली. आता मी पोराकडे वर्ध्याजवळ नालवाडीले राहतो. रस्त्यानं गाय दिसली की वाकून तिचं तोंड पाहतो, बायको म्हणते, माणसाइकडे पाहा जरा, ती नमस्कार करून राह्यली.

वर्षातून एकदा नामदेवकडे जातो. अंगणात चहा मिळतो, पण मले पाहताच तो गोठ्यात शिरून ताटीचं दार आतून ओढून घेतो. त्याचं चूक नाई. मी बाहेरूनच विचारतो, डोळ्यांतून पाणी? तोंडात फोड? पातळ हगवण? तो आतून तीनदा नाई म्हणतो. देव त्याचा गोठा भरलेला ठेवो. मी ऐकतो, कप खाली ठेवतो, अन् तरी बराच वेळ मले तिथून उठवत नाई.