धोंडीराम कासाराचा डबा

मंडळी, आधी सांगा, आपल्या माणसाचा संशय आला तर काय करावं? विचारावं, की शोधावं? ... गप्प बसलात! म्हणजे शोधणारेच जास्त दिसताहेत!

तर ऐका. नदीकाठच्या एका पेठेत यसू राहायची. कडेवर आठ महिन्यांचं लेकरू. नवरा धोंडीराम, बांगड्या भरणारा कासार. पेठेतल्या निम्म्या मनगटांची मापं त्याला तोंडपाठ! पण दर रविवारी दुपारी हा गडी पत्र्याचा डबा काखेत मारून निघायचा. परतायचा तो गुणगुणत!

"कुठं गेला होतात?"

"वाचनालयात."

वाचनालयात? ज्यानं जन्मात पंचांगापलीकडे काही वाचलं नाही, तो?

एका शनिवारी तो बाजाराला गेला आणि यसूनं डबा उघडला. आत काय? सोनं? नाही हो! कागदाच्या पुड्या. एकीवर 'कुमुद, चैत्र'. दुसरीवर 'शेवंता, मार्गशीर्ष'. आणि प्रत्येकीत बांगडीचा तुकडा!

अहो, फुटकी काच घरात ठेवू नये म्हणतात. त्यातून घरात रांगतं मूल! आणि हा परक्या बायांच्या काचा जपतोय? यसूनं पन्नासएक पुड्या पाहिल्या. स्वतःचं नाव? कुठ्ठंच नाही! उठली, सगळं नदीत ओतलं. वजन कमी झालेलं कळू नये म्हणून डब्यात वाळूतले गोटे भरले. पाहिलीत हुशारी? संशयाला अक्कल फार असते, मंडळी — फक्त शहाणपण नसतं!

रविवारी ती त्याच्या मागोमाग गेली. वाचनालयामागच्या खोलीच्या खिडकीशी, लेकराला थोपटत उभी राहिली. आत बाई एकच, सत्तरीची! आणि सगळेच छांदिष्ट, काहीबाही जमवणारे. दामले मास्तर शाळाशाळांतले खडूचे तुकडे घेऊन आलेले, म्हातारी गंगूताई काड्यापेट्यांची चित्रं घेऊन. रीत अशी, की एक वस्तू हातात घ्यायची आणि तिची गोष्ट सांगायची. किंमत कुणी विचारायची नाही.

धोंडीरामाची पाळी आली. झाकण उघडलं — गोटे!

"वा! कासारबुवा, दगडांचा नाद कधीपासून?" मास्तर हसले.

तो हसला नाही. खाली बसला. मग रिकामा हात पुढे करून म्हणाला, "कुमुदची सांगतो. बाळंतपणानंतर हात सुजलेला. माझ्याकडून हिरवी बांगडी वाढली." फुटली म्हणत नाहीत मंडळी, वाढली म्हणतात! "पोरगी घाबरली, अपशकुन झाला म्हणून. मी म्हटलं, तुकडा मी सांभाळतो, तू निर्धास्त जा. तेव्हापासून जिच्या हातात माझ्याकडून वाढेल, तिचा तुकडा जपायचा. घरी सांगितलं नाही. फुटकी काच कोण ठेवून घेईल?"

गंगूताईनं विचारलं, "अन् तुझ्या कारभारणीची पुडी रे?"

"तिची नाही. सात वर्षं भरतोय. तिच्या हातात एकसुद्धा वाढू दिली नाही मी."

काय झालं असेल हो यसूचं? खिडकीशी उभं राहवेना. दारातून आत आली. मान खाली. "मी फेकलं. नदीत. तुमचा... मला वाटलं..."

मास्तर खडूंकडे बघताहेत. आता हा ओरडणार! का उठून जाणार?

धोंडीराम उठला. तिच्या कडेवरचं पोर आपल्या खांद्यावर घेतलं. तिचा उजवा हात उलटा केला, सुलटा केला, बोटन् बोट उजेडात धरलं.

"काचा होत्या त्या, यसू. कुठं कापलं नाही ना?"

मंडळी! पन्नास पुड्या गेल्या, आणि हा माणूस तिची बोटं तपासतोय! तुमच्याही घरात असं कुणी असेल. तुम्ही त्याचा डबा चाचपत असाल, आणि ते तुमचा हात बघत असेल. आज घरी जाल तेव्हा डबा राहू द्या. समोर बसा. विचारा. आणि उत्तर येईपर्यंत — एवढंच मागतो — नदीकडे फिरकू नका!