घड्याळामागची किल्ली

मी, सरकारी रुग्णालयातील मेट्रन, वय चोपन्न वर्षे, राहणार रुग्णालयाच्या आवारातील क्वार्टर, समक्ष हजर राहून सांगते की,

हवालदारसाहेब, तुम्हालाही एका आदेशावर अनोळखी चौकीत टाकतात आणि पहिल्याच दिवशी जाब विचारतात. म्हणून हे तुम्हाला कळेल.

आरोग्य सुधारणेत आमच्या विभागातल्या सगळ्या रुग्णालयांचा कर्मचारीवर्ग एक केला. आज सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डातल्या माझ्या सगळ्या सिस्टर एकदम हलवल्या. मी संचालकांना म्हटलं, "साहेब, एक तरी जुनी ठेवा." ते म्हणाले, "मेट्रनबाई, नर्स ती नर्स. खुर्ची हलवली म्हणून कुणी बसायला विसरतं का?" बैठकीत हशा पिकला. मला तिथेच बसवून ठेवलं, नव्या सिस्टरना वॉर्ड दाखवायलाही सोडलं नाही.

इंजेक्शनच्या कपाटाची किल्ली आम्ही घड्याळामागच्या खिळ्याला अडकवतो. औषधांच्या चोऱ्या झाल्या, तेव्हापासूनची पद्धत. वॉर्डात प्रत्येकीला ठाऊक, लिहिलेली कुठेच नाही.

एका बाळंतिणीला आकडी आली. आजच आलेल्या सिस्टरला किल्ली सापडेना. ती लोखंडी कपाटावर स्टूल आपटू लागली. तो आवाज बैठकीच्या खोलीपर्यंत आला, तशी मी धावले, घड्याळामागून किल्ली काढली. तोवर बाई गेली होती.

तिचा नवरा माझ्या हाताकडे बघत म्हणाला, "इथंच होती?"

मग त्याने सलाइनचा स्टँड उचलला. पहिला घाव सिस्टरच्या जबड्यावर बसला. ती पडली तरी तो मारतच राहिला. मी मध्ये पडले, माझं मनगट मोडलं. ती म्हणत होती, "ताई, मला कुणी सांगितलंच नाही हो." नंतर तेही थांबलं. ती अजून शुद्धीवर नाही. बाळ पाळण्यात रडत होतं, त्याला कुणी उचललं ते मला आठवत नाही.

किल्ली कपाटालाच होती, असं सांगून संचालकांनी सिस्टरविरुद्धच निष्काळजीपणाची तक्रार दिली आहे. मारणाऱ्याला जरूर पकडा. पण जिला रक्ताच्या थारोळ्यातून उचललं, तिला आरोपी करू नका. माणसं खुर्च्यांसारखी हलवणाऱ्यांना तुम्ही अजून एक प्रश्न विचारलेला नाही.

जबाब मला वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे. उजवा हात प्लास्टरमध्ये असल्याने डाव्या हाताने सही करते.

संचालकांचा शिपाई शिडी घेऊन वॉर्डाकडे गेला आहे. खिळा भिंतीत आहे तोवर पंचनामा करा. उठा साहेब, आत्ता चला.