गोधडीतली बॅटरी

त्या दिवशी मी जेवढी चक्रावले ना, तेवढी कधीच नाही. तलाव साफ करणाऱ्या आमच्या नावेला मी नवी लिथियम बॅटरी बसवली होती. भर दुपारी वडिलांना घेऊन पाण्याच्या मधोमध पोचले आणि मोटर बंद! मीटरवर चार्ज ऐंशी टक्के. काही कळेना. पेटी उघडली, तर बॅटरी गोधडीत गुंडाळलेली.

“अण्णा, हे काय?”

“पाणी उडतं ना. म्हणून स्वल्प झाकली,” अण्णा त्यांच्या कानडी ढंगात म्हणाले.

“अहो, उकडली ती! जळू नये म्हणून तिच्या सर्किटने करंट तोडला.”

“सरी, ठीक आहे, बॅटरी वाचली. आपल्याला कोण वाचवणार?”

“वल्ही द्या इकडे.”

“ती काठावर. ‘लिथियम असताना वल्ही कशाला?’ असं कोण म्हणालं होतं?”

मग मी त्याच गोधडीने बॅटरीला वारा घालत बसले.