मोराचा डोळा

सोलापूर स्टँडवर होटगीच्या बसची रांग इतकी चिकटून उभी होती, की पुढच्या दोघी मैत्रिणींचं बोलणं सोजरबाईंना ऐकावंच लागलं.

“आफरीन, घरच्या कॉम्प्युटरवर नवा अँटिव्हायरस टाकला, अन् नानांचा चादरीच्या नक्षीचा प्रोग्रॅमच गायब!”

“व्हायरस होता का गं, विजया?”

“छे! नानांनी स्वतः लिहिलेला. अँटिव्हायरस म्हणतो, बनवणारा अनोळखी, म्हणून कोंडून ठेवला.”

“तुझे वडील अनोळखी?”

“तेच की! मग ‘विश्वास आहे’वर क्लिक करून सोडवला. उघडला तर आत नवाच मोर. वारायच्या आधी काढलेला असणार, कुणाला दाखवलाच नव्हता.”

“अल्ला! कसा हाय?”

“एकेक पीस निराळं. आम्ही नुसतं बघतच राहिलो. पण डोळा नव्हता.”

“राहून गेला?”

“नाना डोळा शेवटी भरायचे. म्हणायचे, डोळा भरला की मोर आपल्याला बघायला लागतो.”

“मग तू भरलास?”

“आईनं. जन्मात पहिल्यांदा माउस धरला तिनं.”

“अन्?”

“डोळा भरला अन् पटकन पदर सावरला. म्हणाली, बघतायत.”

सोजरबाईंचा हात आपोआप पदराकडं गेला.