रॉडचे पाच किलो

व्यायामशाळेचे अध्यक्ष माननीय महेशराव, द्राक्षबागेची कामं टाकून निफाडहून आलेले प्रमुख पाहुणे, ज्यांना आपण आज निरोप देतो आहोत त्या आमच्या प्रशिक्षक सुवर्णाताई, आणि समोर सतरंजीवर दाटीवाटीनं बसलेल्या लेकीबाळींनो, या चिमाजीचा नमस्कार घ्या.

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी मखमलाबादचा भाजीवाला, शाळा चौथीपर्यंत. मंडईतून परतताना इथं टेकायचो. ताईंनी मला रॉडला प्लेटा चढवायच्या कामाला लावलं, त्याला नऊ वर्षं झाली.

ताईंबद्दल काय सांगू? त्या आल्या तेव्हा या हॉलमध्ये मुली नव्हत्या, पाली होत्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "काका, सत्तर लावा." मी सगळ्या प्लेटा एकाच बाजूला चढवायला निघालो. तराजूत वजनं एकाच पारड्यात टाकायची सवय ना. ताई म्हणाल्या, "आणि दुसरीकडे काय कोथिंबीर ठेवणार?" मग शिकवलं, की आकड्यातून रॉडचे वीस वजा करायचे, उरेल त्याचे दोन वाटे करायचे. तोंडी जमेना म्हणून त्यांनी भिंतीवर तक्ता रंगवून दिला. साठ म्हणजे दोन्हीकडे वीस-वीस. पाहुण्यांनी येताना पाहिला असेल, दाराजवळच आहे. तक्ता बघायचा, प्लेटा चढवायच्या, डोक्याला ताप नाही.

यंदा उन्हाळ्यात ताईंची आई सटाण्याला आजारी पडली. दोन महिने त्या तिकडेच. जाताना म्हणाल्या, "काका, तेजलचा सराव चुकवू नका, निवड चाचणी आली." त्याच आठवड्यात मुलींसाठी नवा रॉड आला. बारीक, गुळगुळीत, लेकीच्या मुठीत बसेल असा. मीच त्याला हळदकुंकू वाहिलं. तो पंधरा किलोचा आहे, हे मला कुणी सांगितलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्याच्या टोकावर लिहिलं होतं. मी वाचलं नाही. चाळीस वर्षं तराजू हातात धरला, पण त्याच्या दांडीचं वजन कोण कधी मोजतो?

मी आपला भिंत बघून प्लेटा चढवत राहिलो. म्हणजे आमचे साठ हे पंचावन्नच होते. तेजल पासष्ट उचलायला लागली तसा मी ताईंना फोन केला.

"खरंच पासष्ट, काका?"

"माझ्या हातानं चढवतो. खोटं कसं असेल?"

चाचणीला ताई सटाण्याहून थेट आल्या. माझ्या शब्दावर त्यांनी तेजलची सुरुवात त्रेसष्टनं लिहून दिली. पोरीनं तीनदा ओढलं. तीनदा रॉड डोक्यापर्यंत आला आणि खाली आपटला. तीनच संधी असतात. तिथंच संपलं.

अध्यक्षसाहेब, चिठ्ठी मिळाली. आटोपतो.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तो नवा रॉड उचलून पाहिला, मग भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "काका, तुम्ही गप्प राहायचं. रजेवर मी होते, तक्ता मी रंगवलाय. तुम्हाला इथून काढलं तर सकाळी जाणार कुठं?" कार्यकारिणीला ताईंनी स्वतःच्या सहीनं लिहून दिलं, "आकडा ठरवण्यात माझी चूक झाली."

आणि मी गप्प राहिलो. त्या कागदावरून ताईंना बदलायचं ठरलं, त्या बैठकीच्या दिवशी दारापर्यंत दोनदा जाऊन आलो. आत तुमचे आवाज ऐकले की पाय मागे फिरायचे. घरी बायकोनं, साळूबाईनं विचारलं, "जेवत का नाही?" म्हटलं, मेथी खपली नाही. एवढीच माझी हिंमत.

आता शाल घालून झाली, नव्या प्रशिक्षकांचं नाव फळ्यावर लागलं. माझ्या बोलण्यानं यातलं काही फिरणार नाही, एवढं मला कळतं. ताई तिकडून मान हलवून नको नको म्हणताहेत. नऊ वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच ऐकत नाहीये.

तेजल, तू मागं खांबाला टेकून बसली आहेस. चाचणीपासून ताईंशी बोलली नाहीस. त्यांनी घाईनं आकडा वाढवला, असं तुला वाटतं. बाळा, आकडा मी वाढवला. तू रोज साठ उचललेस, आणि नेटके उचललेस. त्या दिवशी तू कमी पडली नाहीस.

मला बोलू दिलंत, उपकार आहेत. बोलण्यात काही उणंअधिक आलं असेल तर पोटात घाला. ते पाच किलो मात्र पोटात घालू नका. ताईंच्या कागदावरून खोडा आणि माझ्या नावावर लिहा. आणि ताई अजून या खुर्चीवर बसल्या आहेत तोवर लिहा.