शीळफाट्याचा हॉर्न

तुम्ही हसाल, पण मागून हॉर्न वाजला की मी स्कूटी सरळ कडेला घ्यायचे. वाटायचं, माझ्यावरच वैतागलेत, मला चालवताच येत नाही. शेवटी नवरा म्हणाला, "विकून टाकू." तेव्हा मात्र मी हट्टाला पेटले आणि कल्याणला एका समुपदेशक बाईंकडे गेले.

त्या म्हणाल्या, "हॉर्न वाजला, हे खरं. तो तुमच्यावर वैतागून वाजवला, हा तुमचा अंदाज. पुढच्या वेळी खात्री करून घ्या."

दुसऱ्याच दिवशी शीळफाट्याला सिग्नलवर उभी होते. मागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसलेला. पण ठरवलं, आज कडेला जायचं नाही. वळून विचारलं, "दादा, माझ्यासाठी वाजवताय का?"

तो गोंधळला. "नाय ओ ताई, लाल सिग्नलला तुम्ही तरी कुठे जाणार?"

"मग वाजवताय कशाला?"

"सवय आहे."

तेवढ्यात सिग्नल सुटला. पुढचा रिक्षावाला आपला फोनवर बोलतोच आहे. मी आयुष्यात पहिल्यांदा जोरात हॉर्न दाबला. त्याने वळून बघितलं. "मला वाजवला काय?"

म्हटलं, "हो दादा, हा तुमच्यासाठीच!"