दुःख एकच, पण वजन माझ्या नावावर

...नाही, पण मी म्हणते, दुःख एकच ना? मग नवऱ्याला बारीक करतं आणि मला जाड, हा कुठला न्याय? तुम्हाला सांगते, आमची लेक नेल्डा ऑगस्टात दोन्ही नातवंडं घेऊन मिनेसोटाला गेली, जावयाला नोकरी लागली, झालं... इथे सॅन अँटोनियोत घर असं गप्प झालं की फ्रिजचा आवाज ऐकू यायचा! आणि तो आवाज आला की मी उठून फ्रिजकडे जायची, तोच एक बोलत होता ना माझ्याशी! मग गोड पाव खा, मक्याचे तमाले खा, पोरांची उरलेली बिस्किटं खा... अठरा पौंड वाढले. आणि आमचा नवरा, कुको? त्याचे बावीस उतरले!

चर्चमध्ये त्याला म्हणतात, "वा कुको, पंचविशीतला दिसतोस की रे!" आणि मला? शेजारची चेला माझा दंड चिमटीत धरून, "ओफेलिया, सकाळी जरा चालत जा गं." अहो, दुःख एकच, पण वजन माझ्या नावावर!

तर मार्चमध्ये आमची तपासणी. एका विद्यापीठाच्या पाहणीत आहोत आम्ही दोघं, दरवर्षी वजन करतात आणि मनाचं विचारतात... बाई, पुरुष, मेक्सिकन, काळे, गोरे, कोणाचं दुःख अंगात कुठे जाऊन बसतं ते बघायला. माझं कुठे बसतं ते सांगायला विद्यापीठ कशाला हवं? कमरेवर!

नर्स मिस ओडेसा, आवाज असा खणखणीत की भुंकणारं कुत्रं खाली बसेल. मला म्हणाली, "आठवड्यात किती दिवस रडू आलं?" म्हटलं, "सातही! आठवा असता तर तोही लिहा." मग कुको, वजनकाट्यावर उभा. "उदास वाटलं?" "छे!" "झोप?" "मस्त!" "एकटं वाटलं?" "पुरुषाला कसलं एकटं!" छाती काढून हो... शर्टात दोन कुको मावतील!

तिने पेन खाली ठेवलं. "मिस्टर सालिनास, बावीस पौंड गेले कुठे?"

ह्याने ढिली पँट वर ओढली. मग हळूच म्हणतो, "जेवायला बसलं की खिडकीतून पोरांचा झोपाळा दिसतो... घास नुसता तोंडात फिरतो."

आणि सख्खी आई गेली तेव्हा ज्याने डोळा ओला केला नाही, तो माणूस तिथे हमसून हमसून रडला! आणि मी? सात महिने त्याच्यावर जळत होते हो... आणि हा उपाशी! धावले, मिठी मारायला काट्यावरच चढले, तर काटा बंद! मिस ओडेसा डोळे पुसत म्हणते, "राहू दे, हे वजन मी लिहीत नाही."

आता दर मंगळवारी समुपदेशक बाईंकडे जातो, दोघं. झोपाळा शेजाऱ्यांच्या नातीला दिला. रविवारी जेवताना फोनवर पोरं समोर, कुको दोनदा वाढून घेतो, पंधरा पौंड परत आले त्याचे. मीही हसते, झोपते, स्वयंपाक करताना गाते... आणि वजन? आणखी चार वाढले!

गेले डॉक्टरांकडे. म्हटलं, "दुःखात वाढलं, समजलं. पण सुखातही?" त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मिसेस सालिनास, त्यावर अभ्यास चालू आहे."

म्हटलं, चालू द्या... तोवर मी जेवून घेते.